शबानाआपांना न सांगितलेला निकाल

आज सिल्लोडच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामगारांच्या फुप्फुसांची तपासणी करायला गेले होते. आमच्या संशोधनाची ही दुसरी फेरी.

तिथं कापूस निवडणाऱ्या शबानाआपांनी मशीनच्या नळीत फुंकलं आणि खोकत खालीच बसल्या.

"ताई, मागच्या साली बी फुंकलं व्हतं. काय निघालं त्याच्यात?"

फुप्फुसं तेव्हाच खराब निघाली होती. तो आकडा वर्षभर माझ्या लॅपटॉपमध्ये पडून होता. मी खरं ते सांगून टाकलं.

त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तवाच सांगायचं ना. औंदा पोरीलाबी इथंच लावलं मी."

पोरगी रांगेत पुढचीच होती. आपांनी तिला हाताला धरून बाहेर काढलं. "हिची नको तपासणी. तुम्ही सांगत तर नाय."

दोघी परत कापसाच्या त्याच धुळीत गेल्या. मी अडवू शकले नाही.

मंडळी, हे संशोधन मी कुणासाठी करतेय? आज खरंच कळेना झालंय.