पाव वळसा

गॅरेजवर त्यांना सगळे वैद्य म्हणत. चालू इंजिनावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि कुठल्या सिलिंडरला काय दुखतंय ते सांगायचं, ही त्यांची पद्धत. एक गिऱ्हाईक म्हणायचं, "गाडीला जीभ असती तर वैद्यांनी तीही बाहेर काढायला लावली असती." असल्या बोलण्यावर वैद्य हसत नसत, पण मनातून सुखावत. पस्तीस वर्षांत त्यांचं निदान फारसं चुकलं नव्हतं.

त्या सोमवारी त्यांचे मेहुणे, थोरल्या बहिणीचे यजमान, गाडी घेऊन आले. जुनी, कार्बोरेटरची गाडी. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी घेतलेली आणि जिवापाड जपलेली.

"सिग्नलला उभी राहिली की थंडी वाजल्यासारखी थरथरते रे," भाऊजी म्हणाले. "परवा दोनदा बंद पडली. मागचा हॉर्न वाजवून वाजवून डोकं उठवत होता."

वैद्यांनी बॉनेट उघडलं. दारात तीन गाड्या खोळंबलेल्या होत्या आणि त्यातल्या एकीचा मालक हाताची घडी घालून अगदी डोक्यावर उभा होता. वैद्यांनी प्लग काढले, घासले, पुन्हा बसवले. थरथर तशीच राहिली. पुढची पायरी त्यांना झोपेतसुद्धा सांगता आली असती: इंजिनाला जाणारे रबरी पाइप एकेक करून चाचपायचे, कुठून फुकटची हवा आत ओढली जातेय का ते बघायचं. अर्ध्या तासाचं काम.

"वैद्य, माझं आज होणार की नाही?" डोक्यावरचा मालक म्हणाला.

वैद्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि स्लोचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन किती वेगाने फिरेल ते ठरवणारा, स्क्रू पाव वळसा आवळला. इंजिनाचे फेरे वाढले, आवाज भरून आला, थरथर थांबली.

"झालं, भाऊजी. म्हातारी झालीय. जरा स्लो वाढवून दिलाय."

"म्हातारी म्हणू नकोस हं तिला," भाऊजी हसत म्हणाले. "माझ्यापेक्षा लहान आहे." आणि निघून गेले.

अकराव्या दिवशी सकाळी, पाण्याच्या टाकीखालच्या उतारावर ती गाडी थांबली नाही. खाली बसचा थांबा होता. गाडी थांब्याचा खांब मोडून भिंतीवर आदळली. भाऊजी जागच्या जागी गेले. थांब्यावर उभ्या असलेल्या एका बाईचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पोलिसांच्या कागदावर आलं: भरधाव वेग, चालकाचा निष्काळजीपणा. त्या बाईचा मुलगा ताईच्या दारात येऊन नको नको ते बोलून गेला. ताई म्हणजे वैद्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा वैद्य सहा वर्षांचे होते आणि ताई पंधराची. त्यांना न्हाऊमाखू घालण्यापासून पाढे घोकून घेण्यापर्यंत सगळं तिनेच केलं होतं. आता ती गल्लीतून निघाली की लोक बोलायचे थांबत आणि ती पुढे गेली की पुन्हा सुरू होत. तिने बाहेर पडणंच सोडलं.

तीन आठवड्यांनी गाडी ताब्यात घ्यायला वैद्यांना पोलिसांच्या आवारात बोलावलं. त्यांनी चेपलेलं बॉनेट पहारीने उचकटलं आणि त्या दिवशी जिथे हात घातला नव्हता तिथे घातला. इंजिनापासून ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारा जाड रबरी पाइप. इंजिनाची ओढ याच पाइपातून ब्रेकला मिळते, म्हणून पेडल हलकं लागतं. पाइप खालच्या बाजूने बोटभर फाटला होता. टोकाकडची चीर ताजी होती, पण बाकीच्या कडांवर तेलकट धूळ बसून कडक झाली होती. म्हणजे सोमवारीही ती तिथेच होती. इंजिन थरथरत होतं ते त्या चिरेतून हवा ओढत होतं म्हणून. पुढे चीर वाढत गेली, पेडल दगडासारखं झालं आणि भाऊजींच्या दुखऱ्या गुडघ्यात ते दाबायची ताकद नव्हती.

आवारात कुणी नव्हतं. पाइप ओढून काढला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. त्यांनी बॉनेट खाली टेकवलं आणि तडक ताईचं घर गाठलं.

ताई भाऊजींचे शर्ट घडी घालून पिशवीत भरत होती.

"ताई, भाऊजी जोरात चालवत नव्हते."

"मला सांगतोस? तीस वर्षं शेजारी बसलेय मी."

मग वैद्यांनी सगळं सांगितलं. पाइप, चीर, स्क्रूचा पाव वळसा. "मी शोधायला हवं होतं. शोधलं नाही. घाईत होतो."

ताईच्या हातातला शर्ट तसाच राहिला. ती म्हणाली, "ब्रेक जड लागतोय असं म्हणत होते. मी म्हटलं, गुडघा धरलाय म्हणून वाटत असेल. रोज मी तेल चोळून देत होते."

ताईने शर्ट पिशवीत टाकला.

"तुला दाखवा म्हटलं होतं मी. तर म्हणाले, आत्ताच तर बघितलीय त्याने. पुन्हा कशाला त्याच्या मागे लागायचं."

मग ताईने विचारलं, "आता काय करणार आहेस?"

"लिहून देतो. माझ्या सहीनिशी."

"दे."

ते दारापर्यंत गेल्यावर ती मागून म्हणाली, "आणि थोडे दिवस येऊ नकोस."

पोलीस ठाण्यातला अधिकारी म्हणाला, "फाइल बंद झालीय. गेलेला माणूस गेला. तुम्ही कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय?" वैद्य तीन दिवस त्याच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहिले. चौथ्या दिवशी त्याने वैतागून माणूस पाठवला, पाइप काढून आणला, जबाब घेतला. दोन महिन्यांनी कागद बदलला. वेग आणि निष्काळजीपणा हे शब्द भाऊजींच्या नावापुढून गेले. निष्काळजीपणा वैद्यांच्या नावापुढे आला आणि गॅरेजचा परवाना रद्द झाला.

त्या बाईचा मुलगा ताईकडे गेला आणि खाली मान घालून म्हणाला, "काकू, मी बोललो ते चुकलं." तिथून तो सरळ वैद्यांकडे आला आणि गॅरेजच्या बंद शटरसमोर, चारचौघांत, त्याने त्यांच्या थोबाडीत मारली. वैद्यांनी हात वर केला नाही. त्यांनी फक्त विचारलं, "आईला आता कसं आहे?" तो पाठ फिरवून निघून गेला.

आता वैद्य हायवेजवळच्या एका दुकानात टायर बदलतात. तिथे त्यांना वैद्य कुणी म्हणत नाही, काका म्हणतात. इंजिनाला ते हात लावत नाहीत. कुणी गाडी थरथरते म्हणून विचारलं तर एवढंच सांगतात, "चांगल्या माणसाकडे न्या, आणि त्याला घाई करू नका."

ताईच्या थोड्या दिवसांना दोन वर्षं झाली. दर रविवारी तिचा वैद्यांच्या बायकोला फोन येतो. तो जेवतो का, पाठ दुखायची राहिली का, सगळं खोदून खोदून विचारते. बायको म्हणते, "थांबा, त्यांनाच देते." वैद्य हात पुसून फोन कानाला लावतात, तोवर तिकडून तो ठेवलेला असतो.