निर्मळ रक्त

देवीनं आमच्या घरची सेवा नाकारली, असं मला त्या अष्टमीला वाटलं. मनातल्या मनात मी तिच्याशी भांडलेसुद्धा. नवरात्रात रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी देवळाच्या मंडपात रक्तदान शिबिर भरतं. आमचे हे पलटणीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी एकही अष्टमी चुकवली नव्हती. त्यांनी रक्त द्यायचं आणि मी ओटी भरायची, ही आमची ठरलेली सेवा.

त्या वर्षी पावसाळ्यात यांना ब्लडप्रेशर निघालं. सासरे अर्धांगानं गेलेले, यांची तंबाखू चालूच, पलटणीतली धावपळ थांबून पोट सुटलेलं, त्यात जेवताना पानात वरून मीठ लागायचंच. निघालं नसतं तरच नवल. साताऱ्याच्या डॉक्टरांनी रोजची गोळी दिली आणि ती चुकवू नका म्हणून बजावलं. पण घटस्थापनेला यांनी गोळ्यांची डबी फडताळात ठेवून दिली.

"देवीच्या नावानं द्यायचं रगत निर्मळ पायजे. औषध मिसळलेलं कसं चालंल तिला?"

मला ते पटलं. उष्टा नैवेद्य आपण दाखवत नाही, तसंच हे, असं वाटलं. डॉक्टरांना एक फोन करावा, हे दोघांनाही सुचलं नाही. आमची अक्कल तेव्हा शेण खायला गेली होती. वर उपास म्हणून मी तळलेले, खारे बटाट्याचे पापड त्यांना भक्तिभावानं वाढत राहिले.

अष्टमीला शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी यांचं प्रेशर पुन्हा पुन्हा तपासलं आणि रक्त घ्यायला नकार दिला. फार वाढलंय, इथंच पडून राहा म्हणाल्या. भर मंडपात हे ओशाळले, आणि ओशाळले की यांना राग येतो. तडक मोटारसायकलकडे निघाले. आमचं घर मळ्यात, वाट कॅनॉलच्या कडेनं. मी ओटीचं ताट घेऊन मागून हाका मारत होते, पण सुभेदार ऐकतील तर शपथ.

तेवढ्यात रक्त द्यायच्या रांगेतला एक अनोळखी माणूस पुढं झाला. बोलण्यावरून तासगावकडचा वाटला. त्यानं गाडीची चावीच काढून घेतली.

"पावणं, माजा भाऊ असाच रागानं निगाला हुता, त्यो घरी पोचलाच न्हाई. तुमी बसा हितं."

हे त्याच्यावर हात उगारायला गेले. तो हात वर आलाच नाही. तोंड वाकडं झालं, शब्द अडखळले आणि हे त्याच माणसाच्या अंगावर कलंडले.

डॉक्टरीणबाईंनी लगेच त्यांना शिबिराच्या गाडीत घालून साताऱ्याला हलवलं. वेळेत पोचलो म्हणून जीव वाचला. दवाखान्यात बसल्यावर ध्यानात आलं, ओटीचं ताट अजून माझ्या मांडीवरच होतं. खणाखाली गाडीची चावी होती. त्या माणसाचा पुढं पुष्कळ तपास केला, पण गावात तो कुणाच्याच ओळखीचा निघाला नाही. तो कोण होता, यावर मी वाद घालत नाही. देवीला नमस्कार करताना मला त्याचा चेहरा आठवतो, एवढं खरं.

यांचा उजवा हात मात्र गेला तो गेला. रोज सकाळी गोळी देताना वाटतं, ती डबी फडताळात जात होती तेव्हा मी नुसता हात पुढं करून अडवलं असतं तर? ही हळहळ काही जात नाही. देवीला काय चालतं आणि काय नाही, हे आम्ही तिला न विचारता ठरवून मोकळे झालो होतो.

यंदा अष्टमीला हे रक्ताच्या रांगेत नव्हते. गाभाऱ्यापुढं बसून त्यांनी सकाळची गोळी तीर्थाच्या घोटाबरोबर घेतली. मग इतकी वर्षं रक्त देताना सुया टोचून घेतलेला तो उजवा हात डाव्या हातानं उचलून छातीशी आणला आणि नमस्कार केला. मी ओटी भरली. आई, राखलंस तेवढं तुझंच आहे, असं म्हणाले आणि यांना धरून पायऱ्या उतरले.