तळघराचा रकाना

माझी शिलाई मशीन आजवर पाच घरमालकांनी घराबाहेर काढली आहे. मशीनमागून मी, माझा नवरा आणि ब्लाउजपिसांची दोन पोती असे ओघानेच निघालो. पहिल्या मालकाला खडखडाटाने चक्कर यायची. दुसऱ्याच्या देवांची म्हणे झोपमोड व्हायची. पाचव्याने कारण सांगायचेही कष्ट घेतले नाहीत. "शाळा सुरू व्हायच्या आत खोल्या खाली करजा," एवढं म्हणाला आणि जाता जाता बायकोच्या दोन ब्लाउजांचं माप ठेवून गेला.

तेव्हा मी ठरवलं, आता घ्यायचं ते स्वतःचं घर.

चंद्रपुरात गोंडराजाच्या जुन्या परकोटाच्या आत एका निवृत्त गुरुजींचं तीन खोल्यांचं घर विकायला निघालं होतं. गुरुजी मुलाकडे नागपूरला जाणार होते. समोरच्या दोन खोल्या मी पाहिल्यासारख्या केल्या. मागच्या खोलीत पाऊल टाकलं आणि तिथेच बसकण मारली. उत्तरेला भलीमोठी खिडकी. मागे कुणाचीही भिंत लागून नाही. मशीन कितीही खडखडली तरी ऐकायला फक्त कडुनिंबावरचे कावळे. काळ्या कापडावर काळा दोरा चालवता येईल असा उजेड मला जन्मात मिळाला नव्हता. ही खोली मला हवी होती. बाकीच्या घराचं काहीही होवो.

पण हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नसतं. मी नाक मुरडलं आणि म्हणाले, "खोली जरा अंधारीच हाये, नाई?" बोलताना डोळे दिपत होते म्हणून पदर आडवा धरला होता, ते गुरुजींच्या लक्षात आलं नसावं.

"किंमत काय म्हणता गुरुजी?"

"किंमत काय करता बाई? घरचेच लोकं तुमी. तुमीच सांगा."

"आमी काय सांगाव? घर तुमचं हाये."

"आता तुमचंच समजा."

"मंग फुकटच द्या."

गुरुजींना असा ठसका लागला की अर्धा चहा बशीत आला. पण आकडा काही आला नाही. असे आम्ही तीनदा गेलो, तीनदा पोहे खाल्ले. तिसऱ्यांदा लिंबू पिळता पिळता शिंक यावी तसे गुरुजी "अठ्ठावीस लाख" म्हणाले. मी "चोवीस" म्हणाले. पाढा चुकलेल्या पोरीकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एक कापडवालाही मागे लागला असल्याचं कानावर घातलं. तरी आमचं पंचवीस-सव्वीसच्या आसपास जमणार हे दोघांनाही कळलं होतं. फक्त आणखी एकदा पोहे खायचे राहिले होते.

मध्ये आली घराची तपासणी. कर्जासाठी बँकेचा माणूस येऊन गेला. तो मोटारसायकलवरून उतरलाच नाही. त्याने शेजारच्या घराचा फोटो काढला, "मजबूत हाये" म्हणाला आणि गेला. खरी तपासणी केली ती माझ्या नवऱ्याने.

माझे हे पाटबंधारे खात्यात कारकून. यांच्या हिशेबाने जे कागदावर नाही ते जगात नाही. यांनी मोबाईलवरून 'पहिले घर घेताना तपासण्याच्या बाबी' अशी यादी शोधून काढली आणि तिची छापील प्रत घेऊन आले. यादी कुठल्याशा बर्फाळ देशातली, यंत्राने मराठीत उतरवलेली. चौथ्यांदा गेलो तेव्हा हे कागद मांडीवर घेऊन बसले, पेनाचं टोपण काढलं आणि सुरू झाले.

"छतावर बर्फाचं किती ओझं झेपते?"

मे महिना होता. छतावर टाकलेला पापड तिथेच भाजून निघावा असं ऊन होतं.

"बर्फ?" गुरुजींनी मनापासून विचार केला. "बर्फ पायजे असन तर भाऊ, रसवंतीवाल्याकडं भेटते."

यांनी गंभीरपणे 'लागू नाही' लिहिलं. मी "पुरे झालं" म्हणून कोपर मारलं. पण रिकामा रकाना पाहिला की यांना ठसठसतं. यांनी पान उलटलं.

"तळघर कुठी हाये?"

गुरुजींच्या हातातली बशी अधांतरी थांबली.

"तळघर? तळघर काऊन पायजे तुमाले?"

"पायजे नाई जी. हाये का नाई, एवढंच लिहाचं हाये."

"कोनं सांगतलं तुमाले?"

"कोनी नाई. कागदात हाये."

"कोन्या कागदात? पाहू द्या."

आता कागद दाखवला असता तर तिथेच मिटलं असतं. पण काम पूर्ण झाल्याशिवाय कागद दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, हा यांचा नोकरीभराचा नियम. यांनी घडी घातली, वरच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात ठेवून म्हणाले, "तो दाखवता येत नाई."

परकोटाच्या आत राहणाऱ्या माणसाला तळघर म्हटलं की ओल आठवत नाही, गोंडराजाचा पुरलेला हंडा आठवतो. इथे प्रत्येकाच्या मावसभावाच्या शेजाऱ्याला एकदा तरी मोहरा सापडलेल्या असतात. आणि इथे तर सरकारी खात्यातला माणूस छापील कागद घेऊन आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गुरुजींचा फोन आला. "घर विकाचं नाई."

त्या दिवशी मी एका ब्लाउजला तीन बाह्या कापल्या.

"रकाना रिकामा ठेवला असता तर सरकार पडलं असतं का?" मी यांना विचारलं.

"'लागू नाही' लिहाले पन आधी विचारा लागते," हे म्हणाले.

इकडे आमच्या मालकाने खोल्यांना रंग कुठला द्यायचा याची विचारपूस आमच्यासमोरच सुरू केली. आठ दिवसांनी गुरुजींच्या शेजारची बाई ब्लाउज न्यायला आली, तिच्याकडून बातमी कळली.

"गुरुजीनं नळाचं काम काढलं म्हनते वो. दार लावून. पन नळ हाये समोर, अन् माती निंघून राह्यली मागच्या खोलीतून!"

मागच्या खोलीतून! माझ्या खोलीतून! माझ्या पोटात खड्डा पडला, आणि गुरुजींचा तर आधीच पडलेला.

पुढच्या चार दिवसांत कापडवाला येऊन खोली बघून गेला, तो चप्पल नीट न घालताच पळाला म्हणे. मग आम्हाला गुरुजींचा निरोप आला, येऊन जा.

गेलो. उत्तरेच्या त्या देखण्या उजेडात, खोलीच्या मधोमधून थेट बाजूच्या भिंतीपर्यंत, पुरुषभर खोल खड्डा लख्ख दिसत होता. गुरुजींच्या दोन्ही तळव्यांना चिंध्या गुंडाळलेल्या.

"हे काय गुरुजी?"

गुरुजींनी खड्ड्याकडे असं पाहिलं, जणू ते बाजारात गेले असताना तो येऊन बसला होता.

"हे? हे तुमच्यासाठीच केलं बाई. भाऊ तपासून राह्यले होते ना? वरून काय समजते? म्हटलं, पायाच दाखवून द्याव."

मी पदर तोंडात कोंबला. यांना मात्र खरोखर गहिवरून आलं. नोकरीत एवढं सहकार्य यांना कुणी केलं नव्हतं. शिडी लावून हे कागदासकट खाली उतरले. खालून आवाज येऊ लागला. "काळा दगड हाये! चुन्यात बसवलाय! ओल नाई!"

"अन् तळघर?" मला राहवेना.

"नाई!" खालून उत्तर आलं. "लिहून घेतलं!"

गुरुजींचा चेहरा उतरला. तो घाव वर्मी बसलेला पाहून मी आकडा टाकला. "तेवीस."

"चोवीस म्हटलं होतं तुमी."

"तवा खड्डा नोहता जी."

"पाया मजबूत निंघाला ना पन?"

"म्हून तर तेवीस. नाई तर बावीस म्हनाव लागत होतं."

साडेतेवीसवर ठरलं, आणि शाळा सुरू व्हायच्या दोन दिवस आधी घर माझ्या नावावर झालं. कागद हातात पडल्यावर मी नोंदणी कार्यालयाच्या पायरीवर बसून रडले. हसता हसता रडले, पण रडले.

राहिला खड्डा. मिस्त्री मुरूम घेऊन दुपारी येणार होता. सकाळी मी एकटीच घर झाडायला गेले. खोली झाडली आणि खड्ड्याच्या काठावर उभी राहिले. कुदळ आणि शिडी तिथेच पडलेल्या होत्या. खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, गुरुजी म्हातारे माणूस, किती खणणार? बुजवायचा तर आहेच, त्याआधी एक फूटभर बघायला काय जातं?

फूटभर झालं. मग आणखी फूटभर. पदर खोचलेला, केसांत माती. तेवढ्यात वरून सावली पडली. विजेचं शेवटचं बिल द्यायला गुरुजी आले होते. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. त्यांनी बिलाची घडी करून खिशात ठेवली आणि काठावर उकिडवे बसले.

"तिकडचं मी पाहून झालो, बाई," ते हळूच म्हणाले. "या खिडकीखालच्या कोपऱ्यात खना."