जिनिंगवरची सावड

गेवराईच्या बाहेर हायवेला लागून एक जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, आहे. तिथली यंत्रं चालू असली की शेजारच्याच्या कानात ओरडलेलंही ऐकू येत नाही. अपवाद फक्त उमापूरकडच्या कडूबाईंचा. त्या कापसाच्या ढिगाच्या या टोकाला बसून त्या टोकाच्या बाईला "सुनेचा ताप उतरला का गं?" असं विचारतात आणि सुनेच्या तब्येतीची खबर ट्रकवरच्या हमालांनाही लागते. हा आवाज त्यांनी उसाच्या फडात कमावला. नवऱ्याबरोबर पुष्कळ वर्षं कोयता चालवला. मग गुडघे बोलायला लागले, तेव्हा नवरा रामकिसन शेळ्यांमागं गेला आणि कडूबाई कापसात बसल्या.

कापसातलं काम दिसायला सोपं. ढिगातून कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस, काढायची. पाला काढायचा, काडी काढायची आणि उरलेलं पांढरंशुभ्र यंत्राच्या तोंडी द्यायचं. दिवसभर हवेत रुई तरंगत असते. संध्याकाळी तरण्या पोरींच्याही भुवया पांढऱ्या होतात. "आमाला म्हातारपण रोज येतं अन् रोज आंघोळीत वाहून जातं," कडूबाई म्हणतात.

या जिनिंगमध्ये बायकांसाठी संडास आहे. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण बघून कळणार नाही. बाहेरून गुलाबी रंग, दारावर 'महिला प्रसाधनगृह' अशी सुरेख पाटी, दाराला कुलूप आणि आत छतापर्यंत रिकाम्या गोण्या. कुणी साहेब तपासणीला येणार म्हणून तो बांधला होता. साहेबांनी त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढला, चहा घेतला आणि ते गेले. मग गोण्या आल्या. गोण्यांना ऊन लागू नये, पाऊस लागू नये, याची इथं फार काळजी घेतात. बायांची सोय मागच्या बाभळींत होती. यंदा तिथं भिंत उभी राहिली आणि फर्मान निघालं की जायचं ते जेवणाच्या सुट्टीत जायचं, एरवी गेट उघडणार नाही.

बायांनी यावर जो उपाय काढला तो ऐकून कुणाचंही डोकं फिरावं. त्यांनी पाणी प्यायचं सोडलं. तोंडात रुई, घशात रुई, समोर थंडगार माठ, आणि प्यायचं नाही! बैलाला कुणी असं वागवून दाखवावं. शिंगावर घेईल तो.

त्यांच्यातल्या सत्यशीलाला मात्र हे जमेना. तिला मुतखडा. पाणी कमी पडलं तर ऑपरेशनच करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. ती प्यायची, आणि मग जायची वेळ यायचीच. एका सकाळी न राहवून ती कापसाच्या गाडीसाठी उघडलेल्या गेटातून बाहेर गेली. परत येऊन बघते तर गेट बंद. मुकादम गजांमधून म्हणाला, "तुझं नाव कमी झालं. उद्यापून येऊ नको."

हा मुकादम म्हणजे त्रिंबक, आणि खरी पंचाईत इथंच होती. त्रिंबक कडूबाईंचे व्याही. कडूबाईंची लेक मंजुषा त्यांच्या घरात दिलेली. मुलीच्या आईनं व्याह्यापुढं कसं राहायचं हे आपल्याकडं कुणी शिकवत नाही, सगळ्यांना येतंच. पदर डोक्यावर, नजर जमिनीवर, आणि व्याह्यानं गूळ खारट म्हटला तर तो खारट. कडूबाईंनी आजवर हे सगळं पाळलं होतं. हायवेपर्यंत जाणारा तो आवाज त्रिंबक समोर आले की कुजबुजीवर यायचा.

त्या दिवशी कडूबाईंनी मांडीवरचा कापूस खाली ठेवला आणि उभ्या राहिल्या.

"बायांनो, सत्यशीला गेटाबाहेर हाय. ती आत येऊस्तोवर आज तिच्या वावरात सावड."

यावर भाषण करायची गरज पडली नाही. खुरपणीला, वेचणीला सावड करतच या बायांची उमर गेली. आज सगळ्या तुझ्या वावरात, उद्या सगळ्या माझ्या वावरात. त्यात मजुरी नसते, मुकादम नसतो आणि "मी कावून येऊ?" असं विचारायची रीतही नसते. ढिगावरच्या सगळ्या बाया उठल्या आणि गेटाच्या आत फतकल मारून बसल्या. यंत्रं थोडा वेळ रिकामी घरघरली आणि गप झाली. हमाल ट्रकवरून उतरले.

"मावशी, आमीबी हाव का सावडीत?" पप्पू हमालानं विचारलं.

"तुमाला भिंत पुरती, बाबा. पण बस. पाठ तरी शेकंल."

त्रिंबक धावत आले. "इहीणबाई, उठा. शेठ येऊ लागलेत."

"सत्यशीलाला आत घ्या, इवाई," कडूबाई जमिनीकडं बघत हळूच म्हणाल्या.

"जरा मंजुषाचा इचार करा."

अशी वाक्यं आपल्याकडं फार मऊ सुरात बोलतात. वरून ऐकणाऱ्याला वाटावं, मुलीची केवढी काळजी! पण त्या मऊ वाक्यात पोरीचं नांदणं असतं, तिचं माहेरी येणं असतं, नातवाचं तोंड बघणं असतं, आणि हे सगळं एका कुलपासाठी गहाण धरलेलं असतं. कडूबाईंचा चेहरा उतरला. पण त्या उठल्या नाहीत.

तेवढ्यात, कुठून वास लागला कोण जाणे, बबनराव पुढारी पांढऱ्या गाडीतून हजर. पांढरे कपडे, मागं फोटो काढणारा माणूस. "ताई, तुम्ही काळजी करू नका. हा लढा मी हातात घेतो. फक्त माझं नाव घ्या."

"बबनराव, तुमाला संडासाची काही अडचण हाय का?" कडूबाईंनी विचारलं.

"मला? नाही."

"मग तुमची ही सावड न्हाई. बसायचं असंल तर बसा रांगेत."

बबनरावांनी जमिनीवरची रुई बघितली, स्वतःची विजार बघितली आणि त्यांना लिंबागणेशला कुणाचं तरी लग्न असल्याचं आठवलं.

जिनिंगचे मालक प्रविणशेठ गाडीतून उतरले ते फोनवर बोलतच. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, हॉर्न वाजत होते. "तुमचा लीडर कोण?"

"न्हाई कुणी," छबुबाई म्हणाल्या. ढिगावर त्या कडूबाईंच्या शेजारी बसतात.

"मग मी बोलू कुणाशी?"

"बोला की. समद्या हाव."

"सगळ्यांशी एकदम कसं बोलणार?"

"शिव्या देताना येतं की!"

हमाल हसले. शेठचे कान लाल झाले. त्यांनी सूर बदलला. "कडूबाई, तुम्ही समजूतदार आहात. केबिनमध्ये या, चहा घेऊ."

"हितंच आणा. समद्यांना आणा."

एका माणसाला खुर्ची दिली की बाकीचे आपोआप उभे राहतात, हे शेठच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं ज्ञान. ते इथं फुकट गेलं. मग शेठनं तेच केलं जे मोठी माणसं अशा वेळी करतात. हाताखालच्या माणसावर ते घसरले.

"ए त्रिंबक! तुला चार बायका आवरत नाहीत? मिशा कशाला ठेवल्यास? बांगड्या भर! उद्यापासून तूही गेटाबाहेर!"

त्रिंबक शेठच्या वडिलांच्या वयाचे. मिशा पांढऱ्या, आणि त्या काही रुईनं झालेल्या नव्हत्या. दोन्ही हात जोडून ते खाली मान घालून उभे राहिले.

कडूबाई ताडकन उठल्या. पदर डोक्यावरून खांद्यावर आला तरी त्यांना भान नव्हतं.

"ओ शेठ! कुणाला ए म्हणता? माझे इवाई हायत ते! पाय धुऊन, टोपी-उपरणं देऊन मान केलाय आमी त्यांचा. त्यांच्या घरात पोटची पोर दिली. अन् तुमी त्यांला बायामाणसांत ए म्हणता? बांगड्या भर म्हणता? ह्या बांगड्याच्या हातांनीच निवडलाय तुमचा कापूस, त्याच्यावर ही गाडी आली तुमची! शिव्या द्यायच्या तर आमी देऊ त्यांला, आमचं नातं हाय. तुमी कोण?" मग बायांकडं वळून म्हणाल्या, "आता सावड दोघांची. सत्यशीलाची अन् इवायाची. शेठनं त्यांची माफी मागितल्याबिगर उठायचं न्हाई."

बाहेरचे हॉर्न वाजतच होते.

त्रिंबकांनी मान वर केली. शेठकडं बघितलं, कडूबाईंकडं बघायचं टाळलं. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि चालत गुलाबी दाराशी गेले. कुलूप निघताच पहिली गोणी त्यांच्या पायावर पडली. त्यांनी ती उचलून अंगणात फेकली. मग दुसरी. पप्पू आणि हमाल न बोलवता मदतीला गेले.

"त्रिंबक, काय चाललंय हे?"

"त्रिंबकराव म्हणा, शेठ," छबुबाईंनी सुचवलं.

शेठनं बाहेरच्या रांगेकडं पाहिलं. एक गाडीवाला वैतागून दुसऱ्या जिनिंगकडं वळत होता. "बरं... त्रिंबकराव. चुकून बोललो," ते पुटपुटले.

त्रिंबकरावांनी गेट उघडलं. "ये, बाई."

सत्यशीला जागची हलली नाही. "माझं नाव?"

"लावलं," ते म्हणाले. "शेठसमोर सांगतो, लावलं."

"झालं ना? मग चालू करा यंत्रं," शेठ म्हणाले.

"थांबा की," कडूबाई म्हणाल्या. "आधी पाणी पिऊ द्या."

बाया माठाकडं गेल्या. घटाघटा प्यायल्या. मग गुलाबी दारापुढं ओळ लागली, आणि प्रविणशेठ घड्याळ बघत त्या ओळीसमोर उभे राहिले. कडूबाई सगळ्यांत शेवटी. त्यांचा नंबर आला तसं त्या वळल्या.

"इवाई, आपलं दोघांचं ऱ्हायलंय. मघाशी माझ्या लेकीचं नाव घिऊन जे बोललात, ते मी इसरले न्हाई."

त्रिंबकरावांनी मिशीला हात लावला, काढला. मुलीच्या आईपुढं व्याह्यानं नमतं घ्यायचं, हे त्यांच्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं.

"चुकलं," ते पुटपुटले.

"मोठ्यानं बोला. यंत्रं बंद हायत तवर."

"चुकलं, इहीणबाई!"

ट्रकवर चढलेल्या पप्पूपर्यंत ते ऐकू गेलं. कडूबाईंनी पदर पुन्हा डोक्यावर नीट घेतला, आत गेल्या आणि कडी लावून घेतली.