स्पेनच्या भाषेतला घास

कॅसलरॉकला रेल्वेच्या पुलाच्या कामावर एक इंग्रज साहेब होता. त्याची मडम स्पेन देशाची. त्यांची दोन वर्षांची मुलगी सांभाळायला मी जात असे. माझी मुलगी आदल्या पावसाळ्यात तापाने गेली होती. नवरा त्याआधीच गेला होता. मी भावाकडे राहत होते.

साहेबाची मुलगी माझ्याच हातून भात खाई. काऊचा घास, चिऊचा घास म्हटल्याशिवाय तोंड उघडत नसे. पुढे ती मडमेजवळही "काऊ, चिऊ" करून भात मागू लागली. ते मडमेला लागलं. तिची भाषा बोलणारं इथे कुणीच नव्हतं. निदान मुलीने तरी बोलावी, एवढंच तिला हवं होतं. त्यांचा स्वयंपाकी गोव्याचा, पोर्तुगीज येत असल्याने तिचं बोलणं त्याला थोडंफार कळे; त्याच्याकडून तिने मला सांगितलं, मुलीला भरवताना मराठी नको. जमत नसेल तर काम सोड.

शब्द तिनेच शिकवले. भांडं हातात धरून ती बोले, मी मागून बोले. आग्वा म्हणजे पाणी, लेचे दूध, आर्रोस भात, कोमे म्हणजे खा. मला परक्यांपुढे मराठीसुद्धा धड बोलवत नसे. घरी भाकरी थापताना मी ते शब्द पुटपुटले, तर वहिनी म्हणाली, "आता आमालाबी आग्वाच द्या. साधं पाणी गोड लागंना झालंय."

शब्द पाठ झाले. पण "आर्रोस, कोमे" म्हणून घास पुढे केला की मुलगी नुसती माझ्या तोंडाकडे बघत राही. त्या भाषेत कावळ्याला, चिमणीला काय म्हणतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचा धीर नव्हता. मुलगी सुकत चालली. कडेवर घेतलं की बरगड्या हाताला लागत. माझ्या मुलीच्याही शेवटी अशाच लागत.

एका दुपारी मी तिला न्हाणीघरामागे नेलं आणि हळू आवाजात काऊ-चिऊचे घास भरवले. ताटली रिकामी झाली. वर पाहिलं तर मडम उभी. ती मुलीला उचलून आत गेली.

थोड्या वेळाने स्वयंपाकी बाहेर आला. "बाये, उद्यापासून येऊ नको. आत रडत बसलीय ती. म्हणते, माझी पोर माझ्या हातून खात नाही, हिच्या हातून खाते."

पुढे तो मला बाजारात दिसला. मीच थांबून विचारलं, मुलगी खाते का. म्हणाला, आता चमच्याने आपली आपण खाते, कुणाला भरवावं लागत नाही.

ऐकून बरं वाटायला हवं होतं. घरी वहिनीने ताट वाढलं. मला भूक नाही म्हटलं. तिने ताट झाकून ठेवलं.