धुराड्याची झडप

केदारखेड्याला थोरल्या भावाच्या अंगणात मी गॅसची भट्टी बांधली, तेव्हा वहिनीला धुरातून सोडवायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं. भोकरदनला माझं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. मातीचं काम माझ्या हातून कधीच सुटलं. दादा मात्र आजही चाकावर बसतो. गॅस कमी लागावा म्हणून मी धुराड्याचं तोंड अरुंद ठेवलं आणि त्यात सरकती झडप बसवली. विटा कमी पडल्या, तेव्हा मडकी भाजायचा जुना लाकडाचा आवा मोडून त्याच्या लावल्या.

"धूर न्हाई तं गावाला कळंल कसं, भट्टी लागली म्हणून?" वहिनी हसली होती.

पहिल्याच खेपेला आम्ही अक्षय्य तृतीयेच्या घागरी लावल्या. पितरांच्या नावानं घरोघरी नवी घागर भरतात; दादाचं वर्ष त्या मालावर निघतं. आधी चार भांडी भाजून बघायला हवी होती, पण सण तोंडावर आला होता आणि मला माझ्या भट्टीची खात्री होती.

दुपारी बघायच्या भोकातून काळा धूर यायला लागला. आत हवा कमी पडत होती. मी घाबरून झडप ओढून पूर्ण उघडली. धूर थांबला, जाळ स्वच्छ झाला. जमलं, असं वाटेपर्यंत आतून आवाज आला. टक.

दादानं मान वर केली. "काय झालं?"

"गार हवा शिरली."

"मंग बंद कर ना जल्दी."

केली. तरी आत एकेक घागर तडकत राहिली. भट्टीचं दार विटा रचून लिंपलेलं. ते फोडलं असतं तर उरलेल्याही गेल्या असत्या. आम्ही दोघं समोर बसून ऐकत राहिलो. वहिनीनं ठेवलेला चहा मला घेववला नाही.

तेवढ्यात गल्लीतली एक बाई आली. गेल्या उन्हाळ्यात तिचा नवरा वारला.

"त्यांची पहिलीच घागर हाये, भाऊ. चांगली बघून ठेवा."

"ठेवतो की. उद्या या," दादा म्हणाला.

ती वळली. मी हळूच म्हणालो, "दादा, कशाला हो म्हणला? आत काही राह्यलं न्हाई."

"मंग तू सांग तिला."

ती अजून अंगणाच्या दाराशी चपला घालत होती. मी जागचा हललो नाही.