सायली असं म्हणाली नव्हती

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. ठाण्यात इतक्या सभा घेतल्या, कल्याण-डोंबिवलीत शाळांच्या फाटकांवर उभं राहून पत्रकं वाटली — माइक हातात आला की मी थांबत नाही, हे ओळखीच्यांना ठाऊक आहे. पण या एका गोष्टीपाशी आले की मी विषय बदलते.

पत्रकावरची ओळ माझीच — 'ऐकू न येणाऱ्या मुलांना वेगळी शाळा नको, आपली शाळा हवी!' ती मागणी आजही माझी आहे. वर्गात खुणांची भाषा जाणणारा दुभाषा हवा, फळ्याकडे तोंड करून पुटपुटणाऱ्या शिक्षकांनी मुलांकडे वळायला हवं — यातलं काहीही मी मागे घेत नाही. मग लपवत काय होते?

सायली. दिवा स्टेशनजवळ राहणारी, तेव्हा सातवीत. तिला ऐकू येत नाही. कर्णबधिर मुलांच्या शाळेतून काढून तिला कळव्याच्या साध्या शाळेत घालायला तिच्या आईला मीच तयार केलं होतं. दुभाषा आज येईल, उद्या येईल म्हणत शाळेने वर्ष काढलं. मला खुणांची भाषा येते — ठाण्याच्या कोपरीत शेजारच्या कर्णबधिर मैत्रिणीबरोबर वाढले ना. सायलीच्या आईला मात्र जेव, झोप, चल, एवढ्याच खुणा यायच्या. म्हणजे पोरीचं मनातलं आईपर्यंत पोचायचं ते माझ्या तोंडून. किती भरवसा होता, कळतंय ना?

वर्षाच्या शेवटी पालकसभा झाली. सायलीला इथेच ठेवायचं का, ते ठरणार होतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तिलाच विचारा." मी विचारलं. आणि सायली हातांनी भडाभडा बोलली — इथे मी दिवसभर एकटी असते. कुणी माझ्याशी बोलत नाही. शिकवलेलं कळत नाही. मला माझ्या जुन्या शाळेत जाऊ दे.

आणि मी — मी सगळ्यांकडे वळून म्हणाले, "तिला इथेच शिकायचंय."

टाळ्या पडल्या. तिची आई हसत म्हणाली, "अगं ताई, एवढे हात नाचवले आणि म्हणाली एवढंच?"

"हो काकू, एवढंच."

घाबरले होते का? अजिबात नाही. तिचं म्हणणं माझ्या पत्रकात बसत नव्हतं, म्हणून मी ते गिळलं. शाळा ऐकत नाहीत म्हणून गावभर ओरडणारी मी!

सायलीला माझे शब्द ऐकू गेले नाहीत. पण चेहरे तिला वाचता यायचे. आपण सांगितलं ते कळल्यावर माणसं अशी हसणार नाहीत, हे तिला समजलं. तिने माझ्याकडे बघितलं — आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. त्यानंतर ती माझ्याशी कधीच बोलली नाही.

दुभाषा आलाच नाही. नववीत सायलीने शाळा सोडली. आता घरी असते. तिची आई अजून सांगते, "हिलाच हौस होती त्या शाळेची." आणि मी ते ऐकून घेते.

येत्या रविवारी दिव्याला जाणार आहे. आधी हातांनी सांगेन, म्हणजे मी काही गाळलं तर सायली मला तिथेच अडवेल. मग काकूंना तोंडाने, तिचं सगळंच्या सगळं. काकू भडकतील. भडकू देत. आणि सायलीने पुन्हा हात पाठीमागे घेतले — तरी सांगेन.